शेजाऱ्याचा नमस्कार

रिगा शहरात झायगाच्या नोकरीचं कौतुक एकट्या झायगालाच होतं. नदीपलीकडच्या एका बिनखिडक्यांच्या इमारतीत ती कॅमेऱ्यासमोर उभी राहून रूलेचं चाक फिरवायची. कुठकुठले लोक आपापल्या फोनवरून आकड्यांवर पैसे लावायचे. गोळी घरंगळत एखाद्या घरात पडली की झायगा आकडा पुकारायची आणि हसायची. समोरच्या पडद्यावर कुणी चार शब्द लिहिले, तर हसूनच आभार मानायचे, हा तिथला नियम. तो इतका अंगात मुरला होता की घरीसुद्धा फोन वाजला की ती वाचायच्या आधी "धन्यवाद!" म्हणायची, आणि तिचा नवरा गुंटार्स खो खो हसायचा.

तिच्या टेबलावर 'शेजारी' या नावाने एक जण यायचा. पैसे कधी लावायचा नाही, नुसता चाक बघत बसायचा. असेल कुणी एकटा म्हातारा! मे महिन्यात एका दुपारी त्याने लिहिलं, "दोघींनाही नमस्कार."

"दोघी कोण हो आजोबा? मी आणि ही गोळी?" झायगा कॅमेऱ्यात बघून हसली. "आम्हा दोघींकडून धन्यवाद!"

"चष्मा बदलायला सांग त्याला," चहाच्या सुट्टीत तिची मैत्रीण व्हिज्मा म्हणाली. "माझ्या पाळीत मीही त्याच टेबलावर असते, पण मला कधी नमस्कार घालत नाही मेला!"

त्याच आठवड्यात झायगाला कळलं की आपल्याला दिवस गेलेत. ती हरखली आणि तितकीच घाबरली. मागच्या हिवाळ्यातही दिवस गेले होते, पण तो गर्भ टिकला नव्हता. या खेपेला गुंटार्सशिवाय कुणालाही सांगायचं नाही, असं तिने ठरवलं. शेजाऱ्याचा नमस्कार मात्र रोज यायचा. योगायोग, ती स्वतःला बजावायची. चाकाला मागचा आकडा आठवत नसतो, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तरीही तो नमस्कार वाचला की तिला बरं वाटायचं.

जूनमध्ये एकदा पडद्यावर आलं, "तिघींनाही नमस्कार."

दोन दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी यंत्रावर दाखवलं. जुळं होतं.

"मुली ना?" झायगाने विचारलं.

"अगं, इतक्यात कसं सांगणार?"

संध्याकाळी गुंटार्स पिओनीची तीन फुलं घेऊन आला. "एकेकीला एक," तो म्हणाला. फुलवालीनेही दोन दिली नसती. दोन, चार अशी जोडीची फुलं इथे थडग्यावर वाहतात. मग त्याने बिटाचं गार सूप वाढलं आणि स्वतःच्या हाताने त्यावर शेपू भुरभुरला. इतकं सुख झायगाला लग्नाच्या दिवशीही झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नियंत्रण कक्षातल्या डायनिसने तिला हटकलं. "मधूनच आभार कुणाचे मानतेस गं? आमच्याकडे तर कुणाचा निरोप दिसत नाही."

"तुमची यंत्रं बिघडली असतील," ती म्हणाली. आनंदात असलेल्या माणसाला असल्या गोष्टी टोचत नाहीत. घरी जाताना तिने बाजारातून लालचुटुक स्ट्रॉबेरी घेतल्या आणि ट्रॅममध्येच अर्ध्या संपवल्या.

जुलै उजाडला. पोट आता झग्याखालून जाणवू लागलं होतं.

त्या दुपारी तिने गोळी सोडली. पडद्यावर नवी ओळ उमटली.

"धन्यवाद!" ती हसून म्हणाली, आणि मग तिने वाचलं.

"दोघींनाही नमस्कार."

हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं. टेबलाआड तिचा हात पोटावर गेला. मागच्या हिवाळ्यातली ती सकाळ तिला आठवली.

"कोणत्या दोघी?" तिने विचारलं.

"झायगा," कानातल्या यंत्रातून डायनिस कुजबुजला, "कुणाशी बोलतेयस?"

गोळी फिरतच होती. ती पडल्याशिवाय जागा सोडता येत नाही.

"सांगा ना," ती रडवेल्या आवाजात म्हणाली. "कोणत्या?"

पडद्यावर एक एक अक्षर उमटलं.

"ज्या विचारत नाहीत, त्या."

झायगाने डोळे मिटले. म्हणजे मुली होत्या. दोघीही होत्या. सुखरूप.

"धन्यवाद," ती म्हणाली, आणि या खेपेला अगदी मनापासून.

गोळी घरात पडली. आकडा पुकारायला तिने तोंड उघडलं, आणि तेव्हा कुठे तिने मोजलं: तिघींतली विचारणारी एकच होती.