मोरीत ओतलेले दूध

वाटीतले दूध रुखमाबाईंनी मोरीत ओतले, आणि दाराच्या फटीतून ते पाहणाऱ्या सत्यभामेच्या अंगातील रक्तच जणू त्याबरोबर वाहून गेले. सासूबाईंनी वाटी विसळली, कमरेच्या पिशवीतून गुळाचा खडा काढून कोमट पाण्यात विरघळवला, कापसाचा बोळा त्यात भिजवला आणि सातव्याच महिन्यात जन्मलेल्या, पुरते रडण्याचेही बळ नसलेल्या नातवाच्या ओठांवर अत्यंत मायेने टेकवला. ती माया खोटी नव्हती. त्या दृश्यातील सर्वांत भयंकर गोष्ट तीच होती.

ते दूध सत्यभामेचे होते. बाळाची आई, धाकटी जाऊ वच्छला, प्रसूतीपासून तापाने बेशुद्ध पडलेली, तिला पान्हा नव्हता. आणि पंधरवड्यापूर्वी, जन्मापासून पाचव्याच दिवशी, स्वतःचा मुलगा गमावलेल्या सत्यभामेची चोळी मात्र अजून भिजत होती. जिचे लेकरू गेले तिचे दूध अभद्र, असे म्हणून रुखमाबाईंनी या 'पांढऱ्या पायाच्या' सुनेला इस्पितळातील बाळाच्या खाटेजवळ येण्यासही मज्जाव केला होता. म्हणून शहनाज सिस्टरांची विनवणी करून ती व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीत दूध पिळून देई, आणि सिस्टर ते वच्छलेचे म्हणून आजीच्या हाती ठेवीत. परंतु बाळंतिणीचे पहिले दूध, म्हणजे चीक, टाकूनच द्यायचा, ही त्या घराची पिढीजात रीत! उपकार लपविण्यासाठी योजलेले असत्यच बाळाच्या मुखातला घास काढून घेत होते. आता मौन पाळावे तर बाळ उपाशी. सत्य सांगावे तर ज्या दुधाला वच्छलेचे म्हणून मोरी मिळाली, त्याला सत्यभामेचे म्हणून काय मिळणार?

ती आत गेली.

"आत्याबाई, थे दूध काहून फेकलं?"

"चीक व्हय थो. चीक पाजत असतात काय? अन् तू आत कायले आली?"

"चीक नोहे. माह्यं दूध व्हय थे."

रुखमाबाईंच्या हातातील बोळा खाली पडला. आवाज ऐकून आलेल्या शहनाज सिस्टरांनी वाटी हुंगली.

"गुळाचं पाणी? म्हणून हगवण थांबत नाही याची. रुखमाबाई, पोटात दूध नाही अन् अंगातलं पाणी चाललं, तर चांगलं जन्मलेलं लेकरूही चार-पाच दिवसांत जातं."

चार-पाच दिवसांत… सत्यभामेला स्वतःच्या बाळंतपणाची बाज आठवली. तीच पिशवी, तोच गूळ, आणि आज्ञाधारक सुनेप्रमाणे तिने स्वतःच राखेत पिळून टाकलेला चीक. तिने सासूकडे पाहिले. सासू तिच्याकडेच पाहत होती.

"सत्यभामे… तुह्या पोरालेही म्याच…"

आपल्यावरचा दोष उतरविणारे असे एखादे वाक्य ऐकण्यासाठी ती पंधरा दिवस तळमळली होती. सत्य ते सत्य, ते दडविणे हाही अधर्मच, असे कोणी म्हणेल. परंतु समोरच्या म्हातारीच्या डोळ्यांत जे कोसळत होते, ते पाहून सत्यभामेच्या मुखातून न्यायाचा शब्द निघेना.

"नाही, आत्याबाई. त्याचा श्वासच जन्मापासून अडकत होता. गुळानं नाही गेला थो."

"खोटं कायले बोलतं, माय? म्याच न्हाऊ घातलं त्याले. आवाज कसा खणखणीत होता त्याचा…"

रुखमाबाईंनी बाळ उचलून तिच्या मांडीवर ठेवले. सिस्टरांनी दिलेल्या नव्या बोळ्यावर तिने दूध पिळले.

इतक्यात बाळाचा बाप देवराव दाराशी आला आणि थबकला. "वहिनी इथं? आई, तूच तर म्हणत होती का इची सावली नोको…"

"म्हणत होती." रुखमाबाईंनी पदर तोंडाशी नेला, पण शब्द अडवले नाहीत. "दोन नातू देल्ले होते देवानं. एक म्या मारला, देवराव. दुसरा वाचला, तर इच्यानंच."

देवराव भिंतीला टेकला. सत्यभामेने मान वर केली नाही. ओठांवर सोडलेला थेंब त्या चिमुकल्या गळ्याखाली उतरतो की नाही, इकडेच तिचे सारे प्राण लागले होते… आणि तो उतरला.