समुद्रातून आलेली ओटी

अनुप आमच्याकडे आला होता तो डीह्युमिडिफायर मागायला. एवढंच काम. मार्चमधली रविवारची दुपार, श्यामला चहा टाकत होती, आणि दारात हा उभा. जिन्यात ओल आलीय म्हणाला, तुमचं ते मशीन थोडे दिवस देता का काका. मी म्हटलं ने बाबा, गराजमध्ये धूळ खात पडलंय.

सुश्रुत, तो लॅपटॉप मिट आता. वैभवी, तूही हॉस्टेलं बघायची थांब जरा, साल्वाडोर कुठे पळून जात नाही. नवराबायको पाठीवर सॅक टाकून ब्राझीलला निघालात याचा मला आनंदच आहे. तुमच्या वयात आम्ही ब्राइटनच्या पलीकडे गेलो नाही, आणि तेही सँडविच घरून बांधून. पण त्याच शहरात, त्याच दिवसांत चाललात, तर अनुपची हकीकत ऐकून जा. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नव्हे. अख्खी नोकरी एअर कंडिशनिंगमध्ये गेली माझी. हवेतून पाणी कसं निघतं आणि त्यात काय असतं, हे मला झोपेतून उठवून विचारा. म्हणून तर सांगतोय.

अनुप आणि मालविका इथे ब्रॅकनेललाच, आमच्या रांगेत टोकाच्या घरात भाड्याने राहायचे. दोघं पुण्याचे, दोघं सॉफ्टवेअरमधले. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि मूल होत नव्हतं. एनएचएसवर, सरकारी खर्चाने, आयव्हीएफ झालं, मग पदरचे पैसे घालून पुन्हा झालं, हाती काही लागलं नाही. मालविका म्हणजे मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात पुढे असणारी मुलगी. ती घराबाहेर पडेनाशी झाली. अनुपला मूल हवं होतंच, पण त्याहून त्याला पूर्वीची मालविका परत हवी होती. हे तो माझ्याजवळ बोललाय, याच सोफ्यावर बसून. म्हणून त्याने साल्वाडोरची तिकिटं काढली. ऊन, समुद्र, आणि गुड न्यूज कधी असं विचारणारं कुणी नाही.

दिवस छान गेले म्हणे. वर एक शहर, खाली एक शहर आणि मध्ये ही मोठी लिफ्ट. रंगवलेली जुनी घरं, दगडी उतार, चर्चच्या जाळीला लोकांनी नवसाच्या फिती बांधलेल्या. मालविकानेही एक बांधली. रस्त्यात घेरदार पांढऱ्या झग्यातल्या बायका चवळीचे वडे तळतात आणि मधे चिरून कोळंबी भरून देतात. अनुप त्याला वडापावचा ब्राझिलियन मावसभाऊ म्हणायचा. दुपारभर दीपगृहापाशी पाण्यात डुंबायचं आणि संध्याकाळी शहाळं घेऊन भिंतीवर बसायचं. एका दुपारी मालविका खळखळून हसली. कशावर ते त्याला आठवत नाही, पण हसली ते आठवतं.

ते उतरले होते त्या वस्तीत दोन फेब्रुवारीला समुद्रदेवीचा उत्सव असतो. इमांजा म्हणतात तिला. लोक फुलं, कंगवे, आरसे, अत्तरं घेऊन रांगा लावतात, मोठमोठ्या टोपल्या भरतात आणि होड्यांतून आत नेऊन सोडतात. आपले कोळी नारळी पौर्णिमेला नारळ सोडतात, त्यातलंच. मालविका सकाळीच रांगेत उभी राहिली आणि पांढरी फुलं देऊन आली. काय मागितलंस हे अनुपने विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती.

संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर दोघं किनाऱ्याने चालत निघाले. भरतीबरोबर काहीबाही परत येत होतं, देठ, पाकळ्या. त्यातच एक छोटी निळी लाकडी होडी वाहत आली, पाटाएवढी, आणि मालविकाच्या पायाशी येऊन थांबली. आत भिजलेली फुलं होती, कंगवा होता, आणि पिवळ्या दोऱ्याचा, क्रोशाने विणलेला तान्ह्या बाळाचा एक बूट होता. एकच. बाहेरच्या अंगाला शिंपल्याचं बटण लावलं होतं, त्यावरून उजव्या पायाचा हे कळत होतं.

आता वैभवी, तुला ओटी माहीत आहे. देवीची ओटी भरतात, आणि जिला मूल हवंय तिच्या पदरात पुजारी त्याच ओटीतला नारळ घालतो. मालविकाच्या मावशीला असाच नारळ मिळाला आणि वर्षाच्या आत मुलगी झाली, हे ती लहानपणापासून ऐकत आलेली. तिने गळ्यातला स्कार्फ पदरासारखा पुढे धरला, वाकली, आणि तो बूट ओटीत घेतला. होडीला हात जोडले आणि ती पुन्हा पाण्यात ढकलली.

"मालविका, ते कुणाचं तरी आहे," अनुप म्हणाला.

"होतं," ती म्हणाली. "आता तिने मला दिलंय."

तिचा चेहरा इतका उजळला होता की त्याच्याने पुढे बोलवलं नाही.

हॉस्टेलची मालकीण दोना लूसिया. दोना म्हणजे आपल्याकडे नावापुढे बाई लावतात तसं. रात्री तिने खिडकीत वाळत घातलेला तो बूट पाहिला आणि हातातला ट्रे तिथेच खाली ठेवला. इंग्लिश मोडकंतोडकं, पण अनुपला सगळं कळलं. आपल्याकडे देवाला वाहिलेलं प्रसाद म्हणून परत घेतात. ती म्हणाली, आमच्यात समुद्राला दिलेलं कुणी उचलत नाही. परत आलं तर पुन्हा पाण्यातच सोडतात. आणि हा बूट ती ओळखत होती. मागच्या गल्लीतल्या एका मुलीने विणला होता. तिचं तान्हं बाळ तापाने गेलं. पुरायच्या घाईत त्याच्या एकाच पायात बूट राहिला, डाव्या. उजवा मागाहून पाळण्यात सापडला, तो तिने देवीकडे पाठवला होता, बाळापर्यंत पोचवायला.

"ते बाळ हा शोधतंय," लूसियाबाई म्हणाली. "तुम्ही नेलात तर तुमच्या मागे येईल."

मालविकाने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी सकाळी एकटी समुद्रावर जाऊन आली आणि सोडला म्हणाली. अनुपला हायसं वाटलं.

ब्रॅकनेलला परत आले आणि महिन्याभरात बातमी कळली. औषध नाही, इंजेक्शन नाही. डॉक्टर म्हणाले, होतं कधीकधी असं. श्यामलाने खीर केली, मालविका दोन वाट्या खाऊन गेली. अनुपकडे बघवत नव्हतं इतका तो खूश होता.

ओल त्याच सुमाराला सुरू झाली. जिन्याच्या तळाशी कार्पेट भिजलेलं. घर भाड्याने देणाऱ्या एजन्सीचा पोरगा आला, भिंतीला हात लावला आणि कंडेन्सेशन म्हणाला, घरातलीच वाफ. तुम्ही कपडे घरात वाळवता, करी करताना झाकण ठेवत नाही, खिडक्या उघडा. यांच्याकडे सगळ्या रोगांवर हेच औषध. पाइप फुटलेला नाही, छत गळत नाही, आणि ओल मात्र एकेक पायरी वर चढते आहे. म्हणून तो माझ्याकडे मशीन मागायला आला.

दोन दिवसांनी पुन्हा आला. हातात कप होता. "काका, हे चाखून बघा," म्हणाला. टाकी रिकामी करताना ओठाला थेंब उडाला होता त्याच्या.

मी चाखलं. खारट. नुसतं खारट नाही, समुद्राचं पाणी.

बाळांनो, ते मशीन हवेतली वाफ धरतं. वाफेत मीठ येत नाही. कुठल्याही परिस्थितीत येत नाही. मी जाऊन मशीन उघडलं, कॉइल पाहिली, टाकी विसळली, पुन्हा चालू केलं. सकाळी टाकी भरलेली, आणि पाणी खारट. इथून समुद्र कितीतरी मैल लांब.

त्या रात्री अनुपने फोनचा टॉर्च आडवा धरून जिना पाहिला. ओल सरसकट नव्हती. दर पायरीवर एक डाग. एवढासा. पुढे पाच टिपके.

पाऊल होतं ते. अनवाणी, उजवं. शेजारी डाव्याचा मागमूस नाही.

तेव्हा त्याला लूसियाबाई आठवली. त्याने सॅक उलट्या केल्या, कपाटं उपसली. बूट सापडला मालविकाच्या उशीखाली. तिने लपवलंही नाही. मी नाहीच सोडला, म्हणाली. अनुपने हात जोडले तिच्यापुढे. म्हणाला, देऊन टाकू या, कुठल्याही समुद्रात देऊ.

"ही माझी ओटी आहे, अनुप," ती म्हणाली. "तू रिकामी केलीस तर बाळ जाईल. मग मीही राहणार नाही."

आता सांगा, काय करावं माणसाने? ठेवला तर ते जिना चढतंय. टाकला तर ही जाते. अनुप चार रात्री पायरीवर बसून राहिला. चार दिवसांत पंधरा वर्षांनी म्हातारा दिसायला लागला, मी पाहिलाय.

मार्चचा शेवटचा शनिवार. घड्याळं एक तास पुढे करतात ती रात्र. ओलं पाऊल वरच्या पायरीवर आलं होतं. पुढचं… बेडरूमच्या दारात.

मालविका गाढ झोपलेली. त्याने उशीखाली हात घातला. बूट काढला. गाडी काढली. एम थ्री मोटरवे, मग एम ट्वेंटीसेव्हन, थेट साउथसीचा समुद्र. वाटेत एकदाही थांबला नाही. शेजारच्या सीटवर तो बूट. सीट भिजत होती.

किनाऱ्यावर कुणी नाही. सगळे गोटे. पाण्यापर्यंत चालत गेला. ज्या आईने विणला तिची माफी मागितली. देवीची मागितली. आणि फेकला.

लाट आली. गेली. बूट परत आला नाही.

तो थांबला. आणखी थांबला. नाही आला.

फोन पाहिला तेव्हा एकाचे दोन झाले होते. मधला तास नव्हताच. दरवर्षी होतं, त्यात काय. पण त्याला एकदम वाटलं… त्या नसलेल्या तासात घरी कोण आहे?

परत आला तेव्हा अजून उजाडलं नव्हतं. दार उघडलं. पायरीवर हात ठेवला. कोरडी. दुसरी, कोरडी. अगदी वरपर्यंत. मशीन आपोआप बंद झालेलं आणि टाकीत पाण्याचा टिपूस नाही. मालविका कुशीवर झोपलेली, हात पोटावर, चेहरा शांत. अनुप जिन्यात बसला आणि लहान मुलासारखा रडला. संपलं होतं.

मग तोंड धुतलं. टॉवेल घ्यायला एअरिंग कबर्ड उघडलं. तेच ते, बॉयलरशेजारचं कपाट, आपण मोजे वाळवतो ते.

आत, गरम पाइपवर… बूट.

पिवळा. क्रोशाचा. पाणी ठिबकतंय.

त्याला वाटलं समुद्राने परत पाठवला. हातात घेतला. फिरवून पाहिला. बटण दुसऱ्या बाजूला होतं.

डावा.

…

चहा घ्या, गार होतोय. तुम्ही विचारत नाही आहात, पण मी सांगतो. डावा त्या बाळाच्या पायात होता. पायात घालून पुरला होता. आणि आपल्या घरात आलं की माणूस आधी काय करतं, वैभवी? पायातलं काढून ठेवतं. ते घरात आलं होतं. राहायला आलं होतं. आणि ज्या उजव्यासाठी आलं, तो अनुपने नुकताच साउथसीच्या पाण्यात टाकला होता.

नोव्हेंबरमध्ये मुलगा झाला. सुखरूप. मालविका पूर्वीसारखी हसायला लागली, अनुपने मागितलं होतं ते सगळं मिळालं. मशीन मला परत आणून दिलं आणि ग्लासगोला बदली करून घेतली. तो डावा बूट त्याने तिला दाखवला नाही. टाकायचं धाडसही झालं नाही. कुठे ठेवलाय ते मी विचारलं नाही.

या दिवाळीला आले होते तिघं, इथेच राहिले. पोरगं गोड आहे हो, खोटं कशाला बोलू. माझ्या मांडीवर बसून अख्खा लाडू खाल्ला. मालविका त्याला मोजे घालत होती. डावा मुकाट घालून घेतला. उजवा काढून फेकला. पुन्हा घातला, पुन्हा फेकला. मग माझ्याकडे वळून अगदी शांतपणे म्हणाला, "आजोबा, हा नाही. माझी बूट कुठे आहे?" मालविका हसली. इकडची मुलं, मराठी असंच बोलतात. अनुप उठून बाहेर गेला.

ते गेल्यावर मी दारापाशी केर काढत होतो. बाहेर थंडी होती, पण पाऊस नव्हता. लाकडी फरशीवर एक ओला डाग दिसला. एवढासा. पुढे पाच टिपके. उजवं पाऊल, कडेने पांढरं मीठ सुकलेलं. मी पुसला. सकाळी पुन्हा होता. मग श्यामलाने त्यावर पायपुसणं टाकलं, ते अजून तिथेच आहे.

निघताना जरा बाजूने जा दोघं. त्या पायपुसण्यावर पाय देऊ नका, ओलं असतं ते.