लक्षात न ठेवणारी सीडी

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळी गल्ली डॉक्टर म्हणायची. डॉक्टरचा सगळ्यात चिवट पेशंट मात्र घरचाच होता: त्याचे बाबा. उभं आयुष्य नकाशे काढण्यात गेलेला, डावखुरा, हट्टी माणूस. दुकानाला सुट्टी असली की त्यांचा फोन ठरलेला. "बिघडलंय रे. येऊन जा." जावं तर कधी स्क्रीन उलटी, कधी अक्षरं भोपळ्याएवढी. डॉक्टर दुरुस्तीला बसला की बाबा त्याच्या डावीकडे लाकडी स्टूल ओढून बसत आणि एक शब्द न बोलता बघत राहत.

सुट्ट्या अशा वाया जायला लागल्या तसा डॉक्टर वैतागला. मशीनमधली हार्ड डिस्कच काढून टाकायची आणि सगळं बाहेरून चालवायचं, असं त्याने ठरवलं.

"पेनड्राइव्हवरून चालवलं तर तुम्ही जे बदलाल ते लक्षात राहील," तो बाबांना म्हणाला. "सीडीवर काहीच लिहिलं जात नाही. बंद केलं की सगळं पुसलं, चालू केलं की पुन्हा पहिल्यासारखं."

"मग पेनड्राइव्हच दे. नाहीतर रोज उठून बटणं उलटवून माऊस डाव्या हाताचा करत बसावं लागेल मला."

"तेवढं करा हो. पण काही बिघडलं तर नुसतं बंद करून चालू करायचं. मला बोलवायची गरजच नाही."

बाबा थोडा वेळ सीडी हातात धरून बसले. "बरं," म्हणाले.

फोन थांबले. सुंठीवाचून खोकला गेला, असं डॉक्टर बायकोला हसत सांगायचा. तिकडची फेरीही आपोआप कमी झाली. वर्ष सरायच्या आत बाबा गेले.

मशीन आईकडे राहिलं. ती त्यावर जुनी गाणी ऐकायची; बटण दाबण्यापलीकडे तिला काही येत नव्हतं. एका सुट्टीच्या दुपारी तिचा फोन आला.

"अरे, सगळं उलटं दिसतंय."

डॉक्टर गेला. डावीकडची जागा रिकामी होती, स्टूल आईने माळ्यावर टाकलं होतं. स्क्रीन उलटी होती. बंद करून चालू केलं, तरी उलटीच. त्याने वायर बदलली, मॉनिटर बदलला. सीडी दुकानात नेऊन मूळ प्रतीशी ताडून पाहिली, तर काडीचाही फरक नाही. दुकानातल्या मशीनवर स्क्रीन सरळ आली आणि घरी आणून लावल्यावर पुन्हा उलटी. माऊसही डाव्या हाताचा. त्या सीडीवर कुणालाच काही लिहिता येत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? शेवटी त्याने सगळं हाताने सरळ केलं आणि तो निघाला.

पुढच्या सुट्टीला पुन्हा फोन. अक्षरं भोपळ्याएवढी झाली होती.

"आई, तू कशाला हात लावतेस?"

"मी कशाला लावू? ही ह्यांचीच खोड," आई म्हणाली. "तू यावास म्हणून मुद्दाम बिघडवून ठेवायचे. तुला ठाऊक नव्हतं?"

नव्हतं. आता डॉक्टरला उमगलं. आपण दुरुस्ती केली नव्हती, आपली सुटका करून घेतली होती. आणि ते बाबांना सीडी हातात घेतानाच कळलं होतं. त्याला स्वतःची फार लाज वाटली.

त्याने सीडी काढली आणि लक्षात ठेवणारा पेनड्राइव्ह लावला. माऊस बाबांना हवा तसा डाव्या हाताचा करून ठेवला.

त्यानंतर काहीच बिघडलं नाही.

सुट्टीमागून सुट्टी गेली. डॉक्टर फोनजवळ घुटमळायचा, पण फोन आला नाही. शेवटी न राहवून तो आपणच गेला. आई आतल्या खोलीत जरा आडवी झाली होती. त्याने मशीन सुरू केलं. स्क्रीन सरळ, अक्षरं नेटकी.

फक्त माऊस उजव्या हाताचा झाला होता.

"आई, माऊस तू बदललास?"

"मला कुठे येतो तो बदलायला?" ती आतूनच म्हणाली.

डॉक्टर उजवा हात माऊसवर ठेवून नुसताच बसला.

मग त्याने स्वतःच स्क्रीन उलटी केली. आणि जराही घाई न करता दुरुस्तीला लागला.

डावीकडे, फरशीवरून स्टूल ओढल्याचा आवाज आला.

डॉक्टरने मान वळवली नाही. त्याने हात आणखी हळू केला.