गार डब्यातले वितळलेले बार

“संगम्या, थुंक ते! आधी थुंक!”

चैतालीचा आवाज एवढा चढला, की गिर्यारोहण मंडळाच्या पायरीवर झोपलेलं कुत्रं दचकून उठलं. संगमेशने मात्र घाईघाईने चावून घास गिळला.

“अगं, एकच बार घेतला! तोही भुवनेश्वरीने दिला म्हणून. हे बघ की!” त्याने उरलेला तुकडा तिच्या कानाशी नेऊन मोडला. टक्! “ऐकलास आवाज? आणि चव तर लई भारी!”

“माझा बार खाल्लास का?”

“खाल्ला की परवा. दाढ अजून दुखायलीय.”

चैतालीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. एक वेळ शत्रूने म्हटलं असतं तर चाललं असतं; पण बालवाडीपासून तिच्याच बाकावर बसणाऱ्या संगमेशने असं म्हणावं?

भांडण साधंसुधं नव्हतं. मे महिन्याच्या शेवटी मंडळाची मोठी माणसं हिमाचलच्या डोंगरांत चालायला जाणार होती, पाठीवर बिऱ्हाड घेऊन. यंदा पहिल्यांदाच एका शाळकरी मुलाला सोबत नेणार होते. कुणाला न्यायचं, यावर पीटीच्या प्रभुलिंग सरांनी अजब तोडगा काढला होता. चालताना खायला एनर्जी बार लागतात. ते बाजारातून आणायचे नाहीत, मुलांनी घरी बनवायचे. ज्याचा बार पाठीवर आपटून भुगा होणार नाही, रेल्वेच्या डब्यातल्या उकाड्यात वितळणार नाही आणि दमल्यावरही खावासा वाटेल, तो मोहिमेचा रसदप्रमुख! ज्यांचे बार फुटले, चिकटले, मुंग्यांनी पळवले, ते गळाले. उरल्या दोघी. चैताली आणि भुवनेश्वरी.

चैतालीला बर्फ बघायचा होता. तिने आजवर बर्फ पाहिला होता तो रसवंतीवरचा, पोत्यात गुंडाळलेला, भुसा लागलेला. डोंगरभर पांढरा बर्फ, त्यावर आपल्या बुटांचे ठसे, एवढं एकच चित्र गेली कित्येक वर्षं ती डोळे मिटून बघत आली होती. आणि आता मध्येच ही भुवनेश्वरी!

ती गेल्या जूनमध्ये अक्कलकोटहून सोलापुरात आली काय आणि बघता बघता सगळ्यात पुढे गेली काय! पळण्यात पहिली. दोरीच्या गाठी मारण्यात पहिली. सर एखादी गोष्ट सांगायला तोंड उघडतात, तोवर हिची करून झालेली असायची. वर स्वभाव इतका गोड, की भांडायलाही जागा नाही! तिचा बारही तसाच. कडक भाकरीचा चुरा, शेंगदाणे, तीळ, खजूर, वर तुपातला गुळाचा पाक. कडक भाकरी! अहो, सोलापूरच्या घराघरात जी डबा भरून ठेवलेली असते, ती आपल्याला का सुचली नाही, म्हणून चैताली दोन दिवस धड जेवली नव्हती. तिने स्वतः ज्वारीच्या लाह्या आणि शेंगदाणे घेतले होते, त्यात शेंगाचटणीसारखा तिखटाचा झणका. चव बरी होती. पण बरी म्हणजे नुसती बरीच.

“चला रे! ऊन चढायच्या आत हिप्परगा तलाव गाठायचाय!” सरांनी शिट्टी फुंकली.

शेवटची परीक्षा सुरू झाली.

शेतांच्या कडेकडेने सगळे निघाले. दोघींच्या सॅकमध्ये आपापला डबा. चैतालीचा लहानसा प्लास्टिकचा, भुवनेश्वरीचा मोठा थोरला स्टीलचा. भुवनेश्वरी मध्येच मागे वळून म्हणाली, “चैताली, पाणी हवंय का गं?”

“माझ्याकडे आहे माझं,” चैताली फणकारली.

“हिला काय धाड भरलीय?” संगमेश पुटपुटला.

“ऐकू येतंय मला!”

अर्ध्या वाटेवर विश्रांतीला थांबले, तर संगमेशचा हात पुन्हा भुवनेश्वरीच्या सॅकमध्ये! सरांनी तो वरच्या वर पकडला.

“बास! परीक्षेआधीच पेपर खाल्ला जायचा! पाठीवरची आपटाआपट झाली, आता उकाड्याची परीक्षा. अण्णाराव, हे दोन्ही डबे तुमच्या जीपमध्ये मागच्या सीटखाली ठेवा. दोन्ही शेजारी शेजारी, सावलीत. आणि उघडायचे नाहीत.”

अण्णारावकाका म्हणजे मंडळाचे सर्वांत जुने सभासद. गुडघे गेल्यापासून चालणं बंद, पण जीप घेऊन मागे मागे यायची हौस दांडगी. ते मिशीला पीळ देत म्हणाले, “उघडतंय कोण? आमी काय ल्हान पोरं हाय व्हय?”

जीप रस्त्याने गेली, मुलं पाऊलवाटेने. तलावाशी पोचेपर्यंत ऊन मी म्हणत होतं. लिंबाच्या झाडाखाली सगळे धापा टाकत बसले. थोड्या वेळाने काका डुलत डुलत आले आणि त्यांनी डबे सरांसमोर ठेवले.

सरांनी चैतालीचा डबा उघडला. बार जसेच्या तसे! एकही तुटला नव्हता. मग त्यांनी स्टीलचा डबा उघडला आणि त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

“हे काय?”

आत नुसता लगदा! बटर पेपर चिकटलेले, पाक ओघळलेला, बार एकमेकांच्या गळ्यात पडलेले.

“भुवनेश्वरी, रेल्वेत असं झालं तर डोंगरात खायचं काय? कागद चाटायचे?” सरांनी मान हलवली. “वाईट वाटतंय, पण तुझा बार बाद. हिमाचलला चैताली येणार!”

जिंकली! चैतालीच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. तिने हळूच भुवनेश्वरीकडे पाहिलं. आता रडेल, चिडेल, सरांशी वाद घालेल! पण कसचं काय! ती खाली बघत म्हणाली, “पाक कच्चा राहिला असेल माझा. अभिनंदन, चैताली.”

हिला नीट हरताही येतं!

“जा, तिचा डबा देऊन टाक तिला,” सर म्हणाले.

चैतालीने डबा उचलला आणि तिची बोटं दचकली.

डबा गार होता.

तिने तो दुसऱ्या हातात घेतला. गारच! लिंबाखालचा दगड तापला होता, सॅकची बकलं चटके देत होती, बाटल्यांतलं पाणी चहासारखं झालं होतं; आणि हा स्टीलचा डबा गार? झाकणाच्या कडेला पाण्याचा एक थेंबसुद्धा लोंबत होता. आणि आतले बार मात्र वितळलेले!

डबा गार असेल तर बार वितळतील कसे? आणि सकाळीच तर संगमेशने तिचा बार टक्कन मोडला होता. पाक कच्चा मुळीच नव्हता.

काहीतरी गडबड होती. आणि ती फक्त चैतालीच्या हाताला कळली होती.

तिने इकडेतिकडे पाहिलं. कुणाचंच लक्ष नव्हतं. गप्प बसायचं. बस्स! थोड्या वेळात डबा तापेल, थेंब सुकेल, विषय संपेल. आपण कुठे खोटं बोललोय? आपण काही केलंही नाही. बर्फ! पांढरा शुभ्र बर्फ! आणि ती भुवनेश्वरी इथंच बसेल सोलापुरात, घामाच्या धारा पुसत. बसू दे! सगळीकडे तीच पहिली का म्हणून?

ती पाण्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. गुलाल आपल्याच अंगावर पडला होता, पण मघाच्या त्या आनंदाच्या उकळ्या कुठे गेल्या, ते काही तिला सापडेना. भुवनेश्वरीला हरवायचं होतं हो, अगदी चारीमुंड्या चीत करायचं होतं! पण हे हरवणं नव्हतंच. हिमाचलमध्ये प्रत्येक घासाला हा गार डबा आठवणार, हे तिला आत्ताच कळून चुकलं. ती स्वतःवरच भयंकर चिडली.

“संगम्या!” ती खेकसली. “इकडे ये. याला हात लाव.”

“नको गं बाई, चटका बसे— अरे! गार कसा हा?”

“भुवनेश्वरीलाही बोलव. आणि बोंबलू नकोस.”

तिघांनी डोकी एकत्र केली. भुवनेश्वरीने एक बार उलटा केला. बटर पेपरमधून त्याच्या पाठीवर बारीक बारीक चौकटी उमटल्या होत्या, अगदी जाळीसारख्या.

“अय्यो! डब्याचा तळ तर गुळगुळीत आहे,” ती म्हणाली. “म्हणजे बार डब्याबाहेर कुठेतरी होते!”

“आणि डब्यात होतं काहीतरी गार,” चैताली म्हणाली.

तिघांच्या माना एकदम जीपकडे वळल्या. जीपच्या डॅशबोर्डवर, अगदी काचेखाली, काळी रबरी जाळी अंथरलेली होती. वस्तू घसरू नयेत म्हणून असते तशी. तिथे ऊन नुसतं ओतत होतं.

संगमेश धावत सरांकडे गेला आणि चैतालीच्या हाताला डबा गार लागल्यापासूनचं सगळं सांगून मोकळा झाला. पण अण्णारावकाका उखडले. “डबे सीटखालनं हलले न्हाईत! मी शप्पत घेतो की!”

“संगमेश, मोठ्या माणसांवर असा आळ घ्यायचा नाही,” सरांनी दटावलं. “निकाल लागलाय.”

संगमेश तोंड पाडून परत आला. भुवनेश्वरी म्हणाली, “जाऊ दे. राहू दे.”

“तू गप गं!” चैताली कडाडली. “संगम्या, तू ना, बाण सुटल्यासारखा सरळ जातोस. थांब जरा. मी बघते.”

तिने चेहरा पाडला, ओढणीने वारा घेतला आणि रेंगाळत काकांपाशी गेली. सर तिथेच खाली बसून बुटाची नाडी बांधत होते.

“काका, घसा सुकला हो. पाणी तर नुसतं कढत झालंय.”

“आगं मग सांगायचं न्हाय व्हय लेकरा!” काकांचा राग तिथल्या तिथे विरला. पाहुणचार म्हणजे त्यांचा जीव की प्राण. त्यांनी जीपमधून ओल्या गमछ्यात गुंडाळलेली बाटली काढली. “घे! मठ्ठा हाय, तुमच्या काकूच्या हातचा.”

चैतालीने घोट घेतला. “अहाहा! काका, किती गार आहे हो! एवढ्या उन्हात? आमच्या फ्रिजमध्येसुद्धा एवढा गार होत नाही!”

“युक्ती लागती, युक्ती!” काकांनी छाती फुगवली. “फाट्यावरनं बर्फ घेतला. आता बर्फ ठेवायचा कशात? स्टीलचाच डबा पायजे, त्यात बाटली बुडवली की लई झ्याक—”

काकांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

“कोणता डबा, काका?” चैतालीने अगदी हळू विचारलं.

सर नाडी अर्धवट सोडून उठले. “अण्णाराव?”

काकांनी मिशीवरून हात फिरवला, टोपी काढली, पुन्हा घातली. “त्ये... थोडा वेळच घेतला हो. बाराच्या पुड्या हितं काचंपाशी ठिवल्या, नीट रचून. परत घातल्या की पुसून! मला काय ठावं, वितळतील म्हणून?”

सरांनी एक बार उचलून डॅशबोर्डवरच्या जाळीवर उलटा टेकवला. चौकटीला चौकट जुळली. एका कोपऱ्यात तर पाकाचा चिकट डागही होता.

“ह्या उन्हात काचेखाली? अहो, तिथं पापड भाजून निघेल!” सर कपाळाला हात लावत म्हणाले. “आणि मी तरी काय शहाणा! पोरं सांगायला आली तर त्यांनाच गप्प केलं. भुवनेश्वरी, चुकलं आमचं.”

काकांनी तर चक्क कानाची पाळी धरली. “पोरी, म्हाताऱ्याला माफ कर.”

“गार ताक मलाही द्या, मग माफ!” भुवनेश्वरी म्हणाली आणि सगळे हसले.

चैताली सोडून. सर तिच्याजवळ आले.

“डबा तुझ्या हाताला गार लागला. तू गप्प बसली असतीस तर कुणाला काही कळलं नसतं. कळतंय ना तुला, आता पुन्हा परीक्षा घ्यावी लागेल?”

“कळतंय सर,” चैताली म्हणाली.

पुढच्या रविवारी पुन्हा परीक्षा झाली. तोच रस्ता, तेच ऊन. या वेळी सर जीपमध्ये बसले आणि डबे त्यांनी स्वतःच्या मांडीवर ठेवले. दोन्ही बार टिकले. मग सगळ्यांनी दोन्ही खाल्ले. चैतालीचा बार खाल्ल्यावर जो तो पाण्याच्या बाटलीकडे पळाला. भुवनेश्वरीचा बार खाल्ल्यावर जो तो दुसऱ्या बारासाठी पळाला. खुद्द चैतालीनेही दुसरा मागून घेतला, आणि तिथेच निकाल लागला.

भुवनेश्वरी हिमाचलला जाणार!

सरांनी सगळ्यांसमोर चैतालीला उभं केलं. “बाराची परीक्षा भुवनेश्वरीने जिंकली. पण कड्यावर दोर धरायला माणूस निवडायची वेळ आली, तर मी चैतालीला निवडेन!” टाळ्यांचा कडकडाट झाला. अण्णारावकाकांनी सर्वांत जोरात टाळ्या वाजवल्या आणि शेवटी गमछ्याने डोळे टिपले. संगमेशने तर तिला चक्क सलाम ठोकला.

“शाबासकीचं काय करू? चाटू?” चैताली त्याच्या कानात म्हणाली. “मला बर्फ बघायचा होता रे.” आणि ती खरंच रडली.

पण गोष्ट इथे थांबली नाही. मोहिमेसाठी ढीगभर बार लागणार होते आणि भुवनेश्वरी एकटी पडली होती. दुसऱ्या दिवशी चैताली बाही सावरत तिच्या स्वयंपाकघरात हजर! कुणी बोलावलं नव्हतं. तिने कडक भाकऱ्यांची चवड ओढली आणि वरवंट्याने दणादण कुटायला घेतली. कढईत गूळ उकळत होता.

“भुवी,” चैताली अचानक म्हणाली, “मला अजूनही तुझा राग येतो. खूप.”

“माहितेय,” भुवनेश्वरी म्हणाली. तिने उलथनं चैतालीच्या हातात दिलं. “पाक ढवळ आधी. करपला तर तिकडे सगळे तुझ्याच नावाने बोंबलतील.”

चैताली कढईपाशी सरकली आणि जीव लावून पाक ढवळू लागली.