उलटी झिजलेली गिटार

देवपूजा आटोपली की सरला आधी देव्हाऱ्याची काच पुसायची आणि मग गिटार. भिवंडीत त्याला इलाज नव्हता. गल्लीत दोन्ही अंगांनी यंत्रमाग. दारं लावा, खिडक्या लावा, कापसाची धूळ घरात शिरायचीच. पहिल्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत भांड्यांवर, फोटोंवर, गिटारीच्या तारांखाली तिचा पांढरा पापुद्रा बसायचा. शुक्रवारी माग बंद असले की पायाखालची फरशी थरथरायची थांबे, आणि त्या शांततेत तिचे यजमान प्रभाकरराव गिटार मांडीवर घेत.

ते शाळेत चित्रकला शिकवीत आणि लग्नात, गणपतीत ऑर्केस्ट्राबरोबर वाजवीत. पक्के डावखुरे. लहानपणी माईंनी, म्हणजे त्यांच्या आईनं, डावा हात कमरेला बांधून पाहिला होता. काही उपयोग झाला नाही. "प्रसादापुरता तेवढा उजवा पुढे करतो," माई सांगायच्या. "उपकारच म्हणायचे बाई!"

ही गिटार त्यांनी ब्याऐंशी साली भंगारवाल्याकडून आणली. तारा उजव्या हाताच्या माणसासाठी लावतात तशा होत्या, पण लाकूड झिजलं होतं उलट्या अंगानं. "साब, उल्टा घिसा हुआ है, कोई लेता नहीं," असं तो म्हणाला होता. प्रभाकररावांनी तारा उलट क्रमानं चढवल्या आणि डावा हात वरच्या कडेवर टेकवला. तो नेमका झिजलेल्या जागीच बसला.

"बघ सरला, माझ्यासारखा आणखी एक वेडा होऊन गेलाय," ते हसून म्हणाले.

दोन वर्षांनी पुसता पुसता सरलाच्या बोटाला गिटारीच्या मानेवर, पार खालच्या टोकाला, तीन नवे खळगे लागले. तिथवर त्यांचा हात कधी जात नसे. पहिल्या चार-पाच पडद्यांत त्यांचं काम भागायचं.

"अहो, हे कधी झिजलं?"

"तूच पुसून पुसून झिजवलंस. तुझं सोवळं त्या लाकडाला सोसेना."

तीही हसली. पुढच्या वर्षी ऑर्केस्ट्रातला दुसरा गिटारवाला दुबईला गेला, त्याचा भाग यांच्याकडे आला, आणि उजव्या हाताची बोटं प्रथमच खाली उतरली. सरला भाजी निवडत बघत होती. तीन बोटं तीन खळग्यांत जाऊन बसली. मापानं शिवलेल्या चोळीसारखी.

संध्याकाळी देवापाशी दिवा लावताना वात सरळ करायला तिला जरा वेळ लागला.

तेव्हा त्यांच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि घरात मूल नव्हतं. सोमवार, चतुर्थी, वज्रेश्वरीला नवस, सगळं तिनं मुकाट्यानं चालवलं होतं. शहाऐंशीच्या श्रावणात, कोपऱ्यात टेकून ठेवलेल्या गिटारीच्या खालच्या कडेवर, गुडघ्याइतक्या उंचीवर, तिला चार ठिपके दिसले. डाळीच्या दाण्याएवढे, गुळगुळीत, एका ओळीत. तिनं कुणाला सांगितलं नाही. तिथे फडकं फिरवताना हात फक्त आपोआप हलका झाला.

पुढच्या वर्षी दिवाळीत गोदू झाली. दहा महिन्यांची असताना ती रांगत कोपऱ्यात गेली, कड धरून पहिल्यांदा उभी राहिली, आणि तिच्या डाव्या हाताची चार बोटं त्या चार ठिपक्यांवर टेकली.

"अगंबाई, हीसुद्धा डावरीच!" माई ओरडल्या. सरलानं लेकीला उचलून छातीशी धरलं. तिला हसू येत होतं आणि अंगावर काटाही.

त्या दिवसापासून तिच्या नेमांत आणखी एका नेमाची भर पडली. गिटार पुसायची, पण बघायची नाही. द्यायचं ते देव देईल, आपल्याला आधी कळायला नको.

सात वर्षं तिनं तो नेम पाळला.

पंच्याण्णवच्या मार्गशीर्षात प्रभाकररावांना जिना चढवेना. ठाण्याच्या डॉक्टरांनी हृदयाचं ऑपरेशन सांगितलं, आणि खात्री देता येणार नाही, हेही सांगितलं. गुरुवारचं नैवेद्याचं पान वाढून ती समोर बसली, तेव्हा ते ताटाकडेच बघत होते.

"गोळ्यांवर काढू का गं दिवस? मला काही कळेनासं झालंय. तू जा म्हणालीस तर जातो. राहा म्हणालीस तर राहतो."

"जेवा आधी. उद्या सकाळी सांगते."

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. माग बंद. पूजा झाली, काच पुसून झाली, आणि सरलानं गिटार उजेडात नेऊन डोळे उघडे ठेवून पाहिली.

हाताची जागा, बोटांच्या जागा, गोदूचे ठिपके. सगळ्या ओळखीच्या. यांच्यासाठी नवी जागा एकही नव्हती.

तिनं गिटार पालथी केली.

पाठीवर त्यांच्या पट्ट्याच्या बकलाचे ओरखडे असायचे. ते पुसले गेले होते. तिथं लाकूड देवळाच्या पायरीसारखं गुळगुळीत झालं होतं. अशी झीज दिवसा-दोन दिवसांची नसते. वर्षानुवर्षांची असते.

पाठीवर मध्ये एक मोठी जागा. दोन्ही कडांना एकेक लांबट. वर, खांद्यापाशी, एक गोलसर.

असं कुणी गिटार वाजवत नाही.

तिनं गिटार पोटाशी धरली. दोन्ही हातांनी वेढा घातला. गोलसर जागेवर गाल टेकला.

बसला.

"सरला," आतून हाक आली. "काय ठरलं गं?"

जावं की राहावं, ते त्या लाकडात कुठेच नव्हतं.

"आले हं," ती म्हणाली, आणि हात सोडवले. सोडवताना खरखर झाली. कडेच्या गुळगुळीत लाकडावर तिच्या काचेच्या बांगड्यांचे ओरखडे उठले होते. पांढरे, ताजे.

तिनं कडा उजेडात धरून दोन्हीकडून निरखल्या. वर्षानुवर्षं हात टेकून झिजलेल्या त्या जागेवर बांगडीचा दुसरा एकही ओरखडा नव्हता.