हिरवा बाण

"बाण डावीकडे दाखवतोय, म्हणजे डावीकडेच जायचं!" तेओने फाट्यावर ब्रेक दाबत फर्मावलं.

"आणि फेर्मिनाआजींची बडीशेपेची बिस्किटं कोण खाणार? तुझा बाण?" म्हणत हिमेनाने सायकल सरळ चढावर घातली.

बिस्किटांचं नाव निघाल्यावर रोके कशाला थांबतोय! तो तर कायमचाच भुकेला. व्हालदेओल्मो हे रोकेचं गाव, आणि हिमेना व तिचा धाकटा भाऊ तेओ यांचं आजोळ. सुटीत तिघांचा एकच उद्योग, अडतीस किलोमीटरची सायकलफेरी! कापणी झालेली गव्हाची शेतं, सूर्यफुलं, मग पारव्यांचा गोल मनोरा, आणि शेवटी आल्तोनेग्रोचा चार किलोमीटरचा जीवघेणा चढ.

आल्तोनेग्रोत अकरा घरं. दहांना कुलपं, अकराव्यात फेर्मिनाआजी. दाराशेजारी सावलीत एक स्टूल आणि त्यावर तोटीची मातीची सुरई. गेली तीस वर्षं ती सायकलवाल्यांसाठी तिथे असायची. नियम एकच, तोटीला ओठ लावायचे नाहीत. धार वरून तोंडात धरायची आणि शर्ट भिजला तर आजींचं हसणं सहन करायचं.

त्या दिवशी मात्र रोकेचा अख्खा शर्ट भिजला तरी आजी हसल्या नाहीत.

"यंदा तुमच्याशिवाय कोणी फिरकलं नाही रे," त्या म्हणाल्या. "रोज ताजं पाणी भरते आणि संध्याकाळी ते कुंडीतल्या जिरेनियमला घालते. रविवारी आंद्रेस येतोय, मला कायमचं बुर्गोस शहरात न्यायला. इतकी वर्षं लेकाला सांगत आले, सायकलवाल्यांना पाणी कोण देणार? आता काय सांगू?"

तिघं उतरायला लागली. फाट्याशी हिमेना थांबली. "हा बाण हिरवा का? बाकी सगळे तर पांढरे आहेत!"

रोकेने दगडाने रंग खरवडला. खाली जुना पांढरा बाण होता, सरळ चढाकडे जाणारा!

"हा हिरवा मी ओळखतो!" रोके ओरडला. "चेंडू खेळायच्या भिंतीचा रंग! ओल्या भिंतीला टेकलो म्हणून आईने मला धुतलं होतं!"

भिंत रंगवली होती त्याच्या काकांनी, म्हणजे सरपंच एवारिस्तोंनी. हिमेना साळसूद चेहरा करून त्यांच्याकडे गेली. "काका, रविवारच्या जत्रेच्या सायकलफेरीत यंदा चढ नाही?"

"गाळला!" काका म्हणाले. "गेल्या वर्षी मंडळी वर पाणी पीत गप्पा ठोकत बसली, आणि इथे दोनशे माणसांच्या पाएयाचा लगदा झाला! शिजलेला भात थांबत नाही, पोरी!"

आजींचं नाव त्यांच्या डोक्यातही नव्हतं. हिमेनाने ते घेतलं असतं तर काका तिथेच वरमले असते. पण तिच्या डोक्यात एक झकास बेत शिजत होता, आणि तिने तोंड मिटून घेतलं.

शनिवारी दुपारी गाव जेवून गाढ झोपलं. रस्त्यावर मांजरही नव्हतं! तिघांनी भिंतीमागचा रंगाचा डबा पळवला, डावीकडचा बाण खरवडून टाकला आणि नवा काढला, सरळ वर.

"आजींना सांगून येऊ या?" तेओने विचारलं.

"वेडा आहेस का? मग गंमत काय राहिली!" हिमेना म्हणाली. "दार उघडतील आणि समोर साठ सायकली!"

रविवारी सरपंचांचं भाषण लांबलं आणि फेरी उशिरा सुटली. फाट्यावर सगळे बाणामागे सरळ वर निघाले.

"अरे, हा चढ इथे कोणी आणला?" एवारिस्तोकाका धापा टाकत ओरडले. तिघं हसून हसून सायकलवरून पडायच्या बेतात होती.

वर पोचल्यावर हसू थांबलं. दाराला कुलूप होतं. स्टुलावर सुरई होती, बाहेरून पाझरलेली, गार. म्हणजे पाणी नुकतंच भरलेलं होतं. शेजारी फडक्याखाली बशी होती आणि बशीत तीन बिस्किटं.

रोकेने आपलं बिस्किट हातात घेतलं, पण खाल्लं नाही. मी सांगू या म्हटलं होतं, असं तेओ म्हणू शकला असता. त्याने बशीवर फडकं पुन्हा नीट घातलं.

हिमेनाने रडत रडत सगळं सांगून टाकलं. एवारिस्तोकाकांनी हेल्मेट काढलं.

"मी भाताची काळजी केली, माणसाची नाही," ते म्हणाले. "शाबास रे पोरांनो! आम्हा मोठ्यांना जे दिसलं नाही, ते तुम्ही शोधलंत!"

साठ जणांनी टाळ्या वाजवल्या. हिमेनाला कान झाकून घ्यावेसे वाटले. मग सगळ्यांनी रांगेने एकेक घोट घेतला, ओठ न लावता. खाली पाएयाचा पुन्हा लगदा झाला, पण कोणी कुरकुर केली नाही.

संध्याकाळी हिमेनाने बुर्गोसला फोन लावला.

"साठ जण? खरंच?" आजींचा आवाज उजळला. "पाणी पुरलं का गं?"

"पुरलं, आजी. परत या ना!"



"आंद्रेसने माझ्यासाठी इथे खोली भाड्याने घेतलीय गं, वरच्या घराची किल्लीही त्याच्याकडेच आहे. आता कसली येते!" आजी म्हणाल्या. "काल एक शब्द बोलली असतीस ना पोरी, तर मी थांबले असते." त्या मुळीच रागावल्या नव्हत्या. "बरं, आज जिरेनियमला काही उरलं नसेल."

दुसऱ्या दिवशी तिघं पुन्हा चढ चढली. प्रत्येकाच्या सायकलला सुरईसाठी पाण्याच्या दोन दोन बाटल्या होत्या, आणि वाटेत कोणीच त्यातलं पाणी प्यायलं नाही.