पहिलं उत्तर कुणाचं

लिफ्ट दोन मजल्यांच्या अधेमध्ये अडकली, तेव्हा ती आत एकटीच होती आणि तिच्या हातात एक जबडा होता.

घाबरायचं कारण नाही, जबडा प्लास्टरचा होता. मामाच्या कवळ्या बनवायच्या लॅबमध्ये ती कामाला होती. टाकून द्यायच्या साच्यांमधला एक तिने उचलला आणि त्यात मनीप्लांट लावला. वेल आता दातांच्या फटीतून बाहेर डोकावत होता. रोज दुपारी ती त्याला गच्चीवर ऊन दाखवून आणायची.

बऱ्याच वेळाने वर खडखड झाली. दार हातभर सरकलं आणि फटीतून एक चेहरा आडवा होऊन आत डोकावला. कपाळाला ग्रीस, तोंडात पाना. लिफ्टचा मेकॅनिक होता तो, पण अडकलेल्या माणसाकडे त्याचं लक्षच नव्हतं. तो टक लावून जबड्याकडे बघत होता. त्याने तोंडातला पाना काढला.

"तुम्ही... कोरफड?"

तिने जबडा छातीशी धरला. हे नाव तिला फक्त कुंडीकट्ट्यावर होतं. झाडंवेड्या लोकांचा तो ऑनलाइन कट्टा. तिथे प्रत्येकाने झाडाचं नाहीतर असलंच काहीतरी नाव घेतलेलं. जबड्याचा फोटो तिने तिथेच टाकला होता.

"आणि तुम्ही कोण?"

"माळीबुवा," तो ओशाळून म्हणाला.

"म्हणजे माझं लिहिलेलं उचलून भलतीकडे टाकणारे?"

"आधी बाहेर काढतो, मग भांडू. चालेल?"

"काढा. तुम्हाला उचलून टाकायची सवय आहेच."

तो हसला. हात पुढे केला, पण तिने आधी जबडा दिला. तो त्याने इतक्या अलगद घेतला की तिचा निम्मा राग तिथेच गेला. निम्मा राहिला, कारण भांडण जुनं होतं.

कुंडीकट्ट्यावर लिहायच्या दोन जागा होत्या. एक ब्लॉग. तिथे आपण लिहायचं, लोकांनी वाचायचं, आवडलं तर हिरवं पान दाबायचं; उत्तर द्यायला जागाच नाही. दुसरी चर्चा. तिथे काही विचारलं की सगळ्यांच्या फोनवर टिंग वाजायचं आणि खाली उत्तरांचा आकडा दिसायचा. ती कायम ब्लॉग लिहायची, आणि प्रत्येक ब्लॉगच्या शेवटी हमखास एक प्रश्न विचारायची. माळीबुवा कट्ट्याची व्यवस्था बघायचा. तो ते निमूटपणे उचलून चर्चेत टाकायचा, आणि ती दुसऱ्या दिवशी ते पुसून पुन्हा ब्लॉगवर लावायची.

त्या दिवसापासून लिफ्टची तब्येत फारच नाजूक झाली. तेल घालायला तो यायचा, आवाज ऐकायला यायचा, आणि काही नाही तर लॅबसमोरचा दिवा बदलायला यायचा. काचेपलीकडे तो दिसला की तिच्या हातातलं मेण भलत्याच दातावर सांडायचं. मामा चष्म्यावरून बघायचे. "या लिफ्टला एवढं काय झालंय?" म्हणायचे, आणि चहाचा तिसरा कप काढायचे.

एकदा त्याने सरळ विचारलं. "प्रश्न असतो तुमचा, मग चर्चेत का टाकत नाही?"

ती कवळी घासत राहिली. मग मशीन बंद केलं.

"पहिल्यांदा टाकला होता... नवी होते तेव्हा. कोरफड का सुकतेय, एवढंच विचारलं होतं. कुणी बोललं नाही. खाली शून्य उत्तरं, शून्य उत्तरं... कोरफड मेली तरी तसंच. ब्लॉगवर निदान शून्य दिसत नाही."

त्याने कप खाली ठेवला.

"ते उत्तर माझ्याकडे होतं," तो म्हणाला. "लिहूनही ठेवलं होतं."

"मग?"

"कट्ट्याचा नियम आहे. व्यवस्था बघणाऱ्याने पहिलं उत्तर द्यायचं नाही. तो बोलला की बाकीचे गप्प बसतात. मी वाट बघत राहिलो, कुणीतरी आधी काहीतरी लिहील म्हणून. माझी काकू आहे ना कट्ट्यावर, मोगरा नावाने, तीही नेमकी गावाला गेलेली."

"म्हणजे माझी कोरफड तुमच्या नियमाने मारली."

"हो," तो म्हणाला. "म्हणून तर तुमचे प्रश्न चर्चेत आणत होतो. त्यांना उत्तरं मिळावीत म्हणून."

तिने कवळी पुन्हा घासायला घेतली, मशीन सुरू न करताच. तिला तो फार आवडला होता, आणि हे तिला त्याच क्षणी कळलं.

पुढच्या आठवड्यात तो आला तो लिफ्टची चावी मामांकडे द्यायला. कंपनीने त्याला शहराच्या पार दुसऱ्या टोकाला टाकलं होतं. दाराशी घुटमळला, वेलाकडे बघितलं.

"हा दिव्याकडे वळलाय बघा. लिफ्टच्या दिशेने."

"दिवा तुम्हीच लावलात," ती म्हणाली.

"येतो मग..."

"या."

एवढंच. एरवी नको ते बडबडणारी ही मुलगी ऐन वेळी मूग गिळून बसली. तो गेल्यावर लिफ्ट दिवसभर सुरळीत चालली, आणि तिला त्या लिफ्टचा भयंकर राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला हात लावायच्या आधी तिने कट्टा उघडला. ब्लॉग लिहिला, वेल, दिवा, रिकामं दार, सगळं त्यात होतं. छान उतरला होता. तो वाचेल, हिरवं पान दाबेल आणि गप्प बसेल, कारण तिथे उत्तराला जागाच नाही. तिला उत्तर हवं होतं. मग शून्य बघायची तयारीही हवी.

तिने सगळं पुसलं. चर्चेत गेली आणि दोन ओळी लिहिल्या: 'माझा वेल लिफ्टकडे वळलाय. लिफ्टवाला आता येत नाही. काय करू?' आणि डोळे मिटून बटण दाबलं.

खाली शून्य आलं. तिने फोन पालथा ठेवला, सुलटा केला, परत पालथा ठेवला. दुपार झाली तरी शून्यच. लोकांना प्रश्न कळला नसावा; किंवा फारच कळला असावा. आणि तो नियमाने बांधलेला, तो तर पहिला बोलणारच नव्हता.

मग टिंग वाजलं.

मोगरा: 'पाणी कमी घाल. कुंडी फिरवत राहा.'

एवढ्यासाठी का जीव मुठीत धरला होता? तिला रडूच आलं. तेवढ्यात पुन्हा टिंग वाजलं.

मोगरा: 'दिलं बघ पहिलं उत्तर. काहीतरी लिही म्हणालास, लिहिलं. मी झोपले होते, तुझे चार फोन कळलेच नाहीत. आता तू लिही लवकर. आणि मुलगी मला पसंत आहे.'

काकूंनी पुतण्याला एकट्याला पाठवायचा निरोप अख्ख्या कट्ट्यासमोर टाकला होता. घरोघरी तो वाजला असणार. ती डोळे पुसता पुसता हसायला लागली, आणि मामांनी ग्राइंडर बंद केला.

तिसरं उत्तर आलं.

माळीबुवा: 'कुंडी फिरवू नका. रविवारी येतोय. लिफ्टचं काही काम नाही... तुमची हरकत नसेल तर. आणि ही चर्चा मी कुठेही हलवणार नाही.'

तिने लिहिलं, 'वेलाची हरकत नाही.' पाठवलं. मग खालीच आणखी एक ओळ लिहिली.

'माझीही नाही. लवकर या.'